मार जुना, दुखणे नवे

वाचकांचे प्रश्न : तोंड, दात आणि जबडा

या अंकासाठी आलेल्या पत्रांमध्ये तोंडाला लागलेल्या माराविषयीची पत्रे बरीच होती आणि ती एकापाठोपाठ एक वाचताना एक वाक्य पुन्हा पुन्हा समोर येत राहिले : “तेव्हा फारसे काही झाले नव्हते.” रक्त थांबले, सूज उतरली, भाकरी चावता येऊ लागली, की घरातल्या सर्वांचा जीव भांड्यात पडतो आणि तो विषय तिथेच मिटतो. ओठाची आणि गालाची जखम हातापायाच्या जखमेपेक्षा लवकर भरते, हे खरेच आहे. पण दाताच्या मुळाशी आणि जबड्याच्या सांध्यात जे घडते ते महिन्यांनी, कधी वर्षांनी वर येते, तेही बहुधा न दुखता. म्हणून या वेळी मोजकीच पत्रे घेतली आहेत आणि त्यांना सविस्तर उत्तरे देत आहे. पत्रे संक्षिप्त केली असून नावे गाळली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी दहा वर्षांची असताना शाळेच्या मैदानावर पडली आणि वरचा समोरचा एक दात मुळासकट बाहेर आला. बाईंनी तो रुमालात गुंडाळून दिला. तालुक्याच्या गावी पोहोचेपर्यंत दोन तास गेले. डॉक्टरांनी दात परत बसवला, तारेने बांधला, नंतर रूट कॅनालही केले. आता दीड वर्ष झाले. दात दुखत नाही, हलत नाही, पण शेजारच्या दातापेक्षा आखूड दिसू लागला आहे. तो वर सरकतो आहे का? तार लावून खाली ओढता येईल का? (एक आई, जि. सांगली)

उत्तर : दात वर सरकत नाही. तो जागच्या जागी थांबला आहे आणि बाकीचा जबडा वाढत पुढे चालला आहे, म्हणून तो मागे पडल्यासारखा दिसतो. असे का होते ते समजून घेतले तर पुढचे निर्णय घेणे तुम्हाला सोपे जाईल.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीची, बारीक तंतूंची एक जिवंत गादी असते. दात मुळासकट निघतो तेव्हा ही गादी फाटते आणि तिचा काही भाग मुळाला चिकटून बाहेर येतो. त्यातल्या पेशी ओलाव्यात राहिल्या तर जगतात. कोरड्या हवेत, कागदात किंवा रुमालात मात्र तासाभरात मरतात. गादी गेलेला दात परत बसवला की हाड थेट मुळाला भिडते, त्याला आपलाच भाग समजते आणि हळूहळू मुळाच्या जागी हाड भरत जाते. असा दात जखडला जातो. त्यावर तपासणीच्या आरशाच्या दांड्याने हलकेच ठोकले, तर स्टीलच्या पेल्यावर नख वाजवावे तसा कडक, वरच्या पट्टीतला आवाज येतो; शेजारच्या निरोगी दाताचा आवाज दबका असतो. पुढच्या भेटीत डॉक्टरांना हे करून पाहायला सांगा.

जखडलेला दात तारेने ओढून खाली आणता येत नाही. ओढायला गेलो तर तो हलत नाही, उलट ज्यांच्या आधाराने ओढतो ते चांगले दात वर सरकतात. म्हणून मुलीला वेडेवाकडे दात सरळ करण्याची तार लावायची असेल, तर त्या डॉक्टरांना हा अपघात आधी सांगा. तो दात उपटून टाका असा सल्ला कोणी दिला तर घाई करू नका, कारण जखडलेला दात काढताना पुढच्या बाजूचे पातळ हाड तुटते आणि हिरडीला तिथे कायमचा खळगा पडतो. दर सहा महिन्यांनी एक्स-रे आणि एकाच अंतरावरून काढलेला हसतानाचा फोटो, एवढे नियमाने करावे. शेजारच्या दातापेक्षा तो एक मिलिमीटरहून अधिक मागे पडला आणि मुलीची वाढ बरीच बाकी असेल, तर दिसणारा भाग कापून मूळ हिरडीखाली तसेच ठेवण्याची एक छोटी शस्त्रक्रिया करतात. त्या मुळाचे हाड होते, जबड्याची रुंदी आणि उंची टिकते आणि कापलेला तोच भाग शेजारच्या दातांना चिकटवून तात्पुरता वापरता येतो. इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवलेला कृत्रिम दात, वाढ पूर्ण झाल्यावरच बसवावा; आधी बसवला तर तोही या दातासारखाच मागे पडतो.

तुमच्या पत्रात न विचारलेला एक प्रश्न मला जाणवला : उशिरा बसवून उपयोग झालाच नाही का? उपयोग झाला. या दीड वर्षात मुलीचा स्वतःचा दात तोंडात आहे आणि हाड शाबूत आहे. डॉक्टरांनी केले ते योग्यच होते. रुमाल देणाऱ्या बाईंनाही दोष देऊ नका. त्यांना हे कोणी शिकवलेलेच नाही.

ते इतरांसाठी इथे लिहितो. कायमचा दात मुळासकट पडला तर तो पांढऱ्या भागाला धरून उचलावा, मुळाला हात लावू नये, ते घासू नये. माती लागली असेल तर दुधात किंवा सलाईनमध्ये क्षणभर विसळून तिथल्या तिथे खोबणीत बसवावा आणि मुलाला स्वच्छ रुमाल दातांत धरायला सांगून दवाखाना गाठावा. बसवण्याचे धैर्य होत नसेल तर थंड दुधात बुडवून न्यावा. पिशवीचे दूध आता बहुतेक गावांत कोपऱ्यावर मिळते. साध्या पाण्यात ठेवून देऊ नये आणि दुधाचा दात पडला तर तो कधीही परत बसवू नये. १९६६ साली आंद्रेआसेन आणि योर्टिंग-हान्सेन या डॅनिश तज्ज्ञांनी परत बसवलेल्या ११० दातांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात अर्ध्या तासाच्या आत बसवलेल्या दहांपैकी नऊ दातांच्या मुळाची झीज झालेली नव्हती आणि दोन तासांनंतर बसवलेल्या जवळजवळ सर्व दातांची झाली होती. आजच्या सूचना त्याच पायावर उभ्या आहेत : दोन आठवडे लवचिक तार, मुळाचे टोक बंद झालेले असेल तर दोन आठवड्यांच्या आत रूट कॅनालला सुरुवात आणि किमान पाच वर्षे तपासण्या.

प्रश्न : मी प्राथमिक शिक्षक आहे. दुसरीतल्या एका मुलाचे तोंड एक बोटही जेमतेम आत जाईल इतकेच उघडते. आईवडील ऊसतोडीला जातात. चार वर्षांचा असताना तो बैलगाडीवरून हनुवटीवर पडला, हनुवटीला टाके घातले, जखम भरली. आता भाकरी दुधात कुस्करून बोटाने आत लोटतो. हनुवटी डाव्या बाजूला गेली आहे. वर्गात झोपतो. घरचे म्हणतात, त्याची ठेवणच तशी आहे. (एक शिक्षक, जि. बीड)

उत्तर : सर, या अंकातले सर्वांत तातडीचे पत्र तुमचे आहे. ही ठेवण नव्हे. तुम्ही लिहिलेली लक्षणे जबड्याचा सांधा जखडल्याची आहेत आणि त्यावर उपचार आहेत.

खालचा जबडा कानांच्या अगदी पुढे दोन सांध्यांवर टांगलेला असतो. कानासमोर बोट ठेवून तोंड उघडले तर तो सांधा बोटाखाली सरकताना लागतो. मूल हनुवटीवर आपटते तेव्हा धक्का हनुवटीवर थांबत नाही. जबड्याच्या हाडातून तो थेट या सांध्यांपर्यंत जातो. लहान मुलांमध्ये तिथले हाड मऊ आणि रक्ताने भरलेले असते. ते चेचते, सांध्यात रक्त साकळते आणि दुखते म्हणून मूल तोंड हलवत नाही. न हललेल्या सांध्यातल्या त्या गाठीचे हळूहळू हाड बनते. हनुवटीची जखम सर्वांना दिसते, टाकेही पडतात. कानापुढे मोडलेले हाड मात्र तेव्हा कोणाच्या लक्षात येत नाही. पुढे त्या बाजूची वाढ खुंटते, म्हणून हनुवटी मार लागलेल्या बाजूला झुकते. दोन्ही सांधे गेले असतील तर हनुवटी आत जाते.

वर्गात झोपणे हा या गोष्टीचा भाग असू शकतो आणि त्याकडे मला विशेष लक्ष वेधायचे आहे. जबडा लहान राहिला की जीभ मागे ढकलली जाते, झोपेत श्वासाची वाट अडते आणि रात्रभर झोप तुटत राहते. तो रात्री मोठ्याने घोरतो का, मधेच श्वास थांबून दचकून उठतो का, हे आईला विचारा. उत्तर होकारार्थी असेल तर हंगाम संपण्याची वाट पाहू नये.

तुमच्या जिल्ह्यापासून छत्रपती संभाजीनगरचे शासकीय दंत महाविद्यालय जवळ आहे. तिथे मुखशल्यचिकित्सा विभागात दाखवावे. सीटी स्कॅन करून हाडाची गाठ किती मोठी आहे ते पाहतात. शस्त्रक्रियेत ती गाठ काढून सांध्याच्या जागी सुमारे एक ते दीड सेंटिमीटरची फट ठेवतात आणि हाडे पुन्हा जुळू नयेत म्हणून तिथे शेजारचा स्नायू वळवून घालतात. वाढ बाकी असलेल्या मुलात कधी बरगडीचा कूर्चेसह तुकडाही बसवतात. तोंड उघडत नसल्याने भूल देण्याची नळी नाकातून दुर्बिणीच्या साहाय्याने घालावी लागते, म्हणून हे काम मोठ्या रुग्णालयातच व्हावे. खर्चासाठी शासनाच्या योजना कोणत्या लागू होतात याची चौकशी तिथल्या समाजसेवा अधीक्षकांकडे करता येईल.

आता ज्या गोष्टीवर सर्व यश अवलंबून आहे तिच्याकडे येतो. शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच तोंड उघडण्याचे व्यायाम सुरू होतात आणि ते निदान सहा महिने, बहुधा वर्षभर, दिवसातून अनेकदा करावे लागतात. आइस्क्रीमच्या चपट्या लाकडी काड्यांची चवड दाढांमध्ये सरकवतात आणि दर काही दिवसांनी तीत एक काडी वाढवतात. मूल रडते, आईचा हात थांबतो, आठवड्यात दोन काड्या कमी होतात आणि सांधा पुन्हा जखडू लागतो. परत आलेली मुले मी पाहिली आहेत आणि त्यांच्या घरच्यांना दोष देणे मला कधी जमले नाही, कारण उसाच्या फडात, कोपीत, दिवसातून सहा वेळा व्यायाम करवणे काय असते याची कल्पना दवाखान्यात बसून येत नाही. म्हणूनच तुमची मदत फार मोलाची ठरेल. त्या वर्षी हा मुलगा आजीआजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहिला, काड्यांची संख्या शाळेच्या वहीत रोज लिहिली गेली आणि मधल्या सुट्टीतला व्यायाम तुमच्यासमोर झाला, तर तोंड उघडे राहण्याची शक्यता पुष्कळ वाढते. झुकलेल्या हनुवटीचे काम नंतर, टप्प्याटप्प्याने होते.

हनुवटीला टाके पडलेल्या प्रत्येक मुलाच्या पालकांनी हे लक्षात ठेवावे : जबड्याचा एक्स-रे करून घ्यावा आणि पुढचे काही महिने तोंड किती उघडते ते मोजत राहावे. मुलाची स्वतःची तीन बोटे एकावर एक उभी धरून समोरच्या दातांमध्ये जायला हवीत. तीनची दोन झाली की दवाखान्यात न्यावे.

प्रश्न : पंधरा वर्षांपूर्वी मोटारसायकलवरून पडलो होतो. समोरचा दात थोडा हलला होता, आपोआप घट्ट झाला. गेल्या काही वर्षांत तो काळपट राखाडी झाला आहे. दुखत अजिबात नाही. वर हिरडीवर एक पुळी येते, फुटते, जाते. एका ठिकाणी दात काढून शेजारचे दोन दात घासून ब्रिज बसवायला सांगितले आहे. (वय ३६, नागपूर)

उत्तर : दाताच्या मुळाच्या टोकाशी एक अतिशय बारीक छिद्र असते, त्यातून रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू आत जातात. धक्क्याने दात क्षणभर जागचा हलला की त्या तिथेच तुटतात. वरून दात घट्ट होतो, आतला जीव मात्र गेलेला असतो. रक्तातला रंग दाताच्या आतल्या थरात झिरपतो, म्हणून दात काळवंडतो. मेलेल्या ऊतीत पुढे कधीतरी जंतू शिरतात. पुळी हे त्याचे तोंड आहे. पू तिच्यातून बाहेर पडतो, आत दाब साठत नाही, म्हणून दुखत नाही. ज्या दिवशी ही वाट बंद होईल त्या दिवशी ओठ आणि नाकाजवळचा भाग सुजू शकतो. ताप आला किंवा सूज डोळ्याकडे सरकली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

दात काढण्याची गरज मला तुमच्या पत्रावरून दिसत नाही. आधी एक्स-रे व्हावा. मुळाच्या टोकाभोवती हाड विरघळून काळा डाग दिसेल, तो लहान असेल तर नीट केलेल्या रूट कॅनालने हाड पुन्हा भरते. वर्षानुवर्षे दुर्लक्ष झालेल्या अशा दाताखाली कधी पाण्याने भरलेली गाठ तयार होते. ती मोठी असेल तर रूट कॅनालबरोबर छोटी शस्त्रक्रिया लागते. मूळ उभे चिरलेले असेल किंवा फार झिजलेले असेल, तरच दात काढण्याचा विचार करावा. रंगासाठी रूट कॅनालनंतर दाताच्या आतून पांढरे करणारे औषध भरता येते. काही वर्षांनी रंग थोडा परतू शकतो, पण त्यासाठी दोन निरोगी दात घासण्यापेक्षा ते पुन्हा करणे मला केव्हाही पसंत आहे.

त्याच भेटीत शेजारच्या दातांचीही थंड लावून तपासणी करून घ्या. पडताना धक्का एकाच दाताला बसला असेल असे समजण्याचे कारण नाही. मार लागलेला एखादा दात काळा न होता पिवळा पडलेला असेल, तर त्याच्या आतली पोकळी कठीण थराने भरत आली आहे असे समजावे. एक्स-रेत दोष नसेल तर त्याला हात न लावणे बरे.

प्रश्न : नात पावणेदोन वर्षांची असताना पाळण्याच्या कडेवर आपटली आणि दुधाचा दात हिरडीत घुसला. तीन-चार महिन्यांत तो आपोआप खाली आला, पण राखाडी झाला. आता ती साडेतीन वर्षांची आहे. नवा दात चांगला येईल ना? (एक आजी, रत्नागिरी)

उत्तर : आजी, दुधाच्या दाताच्या मुळामागे कायमच्या दाताचा अंकूर तयार होत असतो आणि दात आत घुसला तर मुळाचे टोक त्या अंकुराला लागू शकते. वय जितके लहान तितकी ही शक्यता अधिक. बहुतेक वेळा नव्या दातावर पांढरा किंवा पिवळसर डाग येतो, कधी खळगा पडतो. क्वचित दात वाकडा तयार होऊन बाहेरच येत नाही. आज काही करून हे बदलता येत नाही, पण डाग आणि खळगे दाताच्या रंगाच्या फिलिंगने चांगले झाकता येतात. राखाडी रंगासाठी दुधाचा दात काढू नये. हिरडीवर पुळी आली, सूज आली तर मात्र लगेच दाखवावे, कारण तो पू त्या अंकुरापर्यंत पोहोचू शकतो. समोरचे वरचे कायमचे दात सातव्या-आठव्या वर्षी येतात. एका बाजूचा आला आणि दुसऱ्या बाजूचा सहा महिन्यांत दिसला नाही, तर एक्स-रे काढावा. अपघाताची तारीख लसीकरणाच्या कार्डावर लिहून ठेवा. चार-पाच वर्षांनी ती विचारली जाईल.

प्रश्न : आठ महिन्यांपूर्वी दुचाकीच्या अपघातात खालचा जबडा मोडला. प्लेट बसवली. खालचा ओठ आणि हनुवटी एका बाजूने अजून बधिर आहे. चहा सांडला तरी कळत नाही. प्लेट काढली तर बरे होईल का? (वय २७, पुणे)

उत्तर : खालच्या जबड्याच्या हाडातून एक मज्जातंतू जातो आणि लहान दाढांच्या खाली बाहेर येऊन ओठाला व हनुवटीला संवेदना देतो. हाड मोडताना तो ताणला जातो किंवा चिरडतो. तो फार सावकाश भरतो. वर्षभर, कधी दीड वर्षापर्यंत सुधारणा होत राहते. मुंग्या येणे, टोचल्यासारखे किंवा अचानक झणझणल्यासारखे वाटणे हे बहुधा तंतू जागा होत असल्याचे लक्षण असते. आठ महिन्यांत यातले काहीच नसेल तर मात्र वाट पाहत न बसता शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना दाखवा. बधिरपणा नोंदवण्याची साधी रीत अशी : महिन्यातून एकदा डोळे मिटून कापसाच्या टोकाने ओठ आणि हनुवटी चाचपावी आणि बधिर भागाची कड पेनाने आखून फोटो काढावा. कड आत सरकत असेल तर सुधारणा चालू आहे.

टायटॅनियमची प्लेट ओठ बधिर होण्याचे कारण सहसा नसते आणि ती आयुष्यभर आत राहू शकते. ती सैल झाली, तिथे पू आला किंवा स्क्रू तंतूवर आल्याचे स्कॅनमध्ये दिसले तरच काढतात. तोवर गरम चहा बशीत निववून, चांगल्या बाजूने घ्यावा, दाढी करताना आरसा सोडू नये, आणि जेवताना ओठ चावला जात नाही ना हे जेवणानंतर पाहावे. दात पूर्वीसारखे एकमेकांवर बसत नाहीत असे वाटत असेल तर तेही सांगा. त्याची सवय करून घेतली तर पुढे सांध्याचे दुखणे मागे लागते.

हेल्मेट वापरत होतो, असे तुम्ही लिहिले आहे, पण ते अर्धे होते की पूर्ण, हे लिहिलेले नाही. अर्धे हेल्मेट डोके वाचवू शकते, हनुवटी उघडीच राहते. एक कायद्याची गोष्टही सांगतो, कारण भरपाईच्या प्रकरणांत ती उपयोगी पडते : १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये, जुन्या दंड संहितेप्रमाणेच, हाड किंवा दात मोडणे वा निखळणे ही गंभीर दुखापत मानली आहे. पहिल्या दिवशीच्या कागदात दातांची आणि बधिरपणाची नोंद नसेल, तर ती डॉक्टरांकडून लवकर करून घ्यावी.

प्रश्न : सासूबाईंची एक दाढ तुटून तिची धारदार कड जिभेला लागते. दिवाळीपासून, म्हणजे चार महिने, तिथे जखम आहे. तुरटी, मध, हळद सगळे झाले. त्या मिश्री लावतात. जखम आता फारशी दुखत नाही, म्हणून त्या दवाखान्यात यायला तयार नाहीत. (एक सून, जि. सोलापूर)

उत्तर : मार एकदाच बसतो असे नाही. तुटलेली कड दिवसातून शेकडो वेळा एकाच जागी घासते आणि तीही दुखापतच आहे. पहिले काम म्हणजे ती कड घासून गुळगुळीत करणे किंवा दाढ काढणे. हे पाच मिनिटांचे काम आहे. कारण दूर झाल्यावर साधी जखम दोन आठवड्यांत भरते. दोन आठवड्यांत भरली नाही, तर तिचा लहानसा तुकडा काढून तपासलाच पाहिजे. चार महिन्यांची जखम आणि सोबत मिश्री, म्हणजे तंबाखू, असे असताना मी दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात सुरू करीन.

दुखणे कमी झाले हे इथे बरे लक्षण समजू नका. जखमेच्या कडा बोटाला कडक लागतात का, जीभ पूर्वीसारखी बाहेर निघते का, गळ्याला गाठ आहे का, त्या बाजूचा कान ठणकतो का, हे पाहा. यातले एकही असेल तर उद्याच निघा. “तुकडा काढला की रोग पसरतो” हे वाक्य त्यांच्या कानावर पडलेले असणारच. ते खरे नाही. त्या भीतीपायी लोक सहा-सहा महिने थांबतात आणि रोग पसरायला तो वेळ पुरतो. तुमच्या जिल्ह्यात बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे, पण सुरुवात जवळच्या दंतवैद्याकडे किंवा सरकारी रुग्णालयात करता येईल. त्यांना “कॅन्सरची तपासणी” असे सांगण्याऐवजी “ती टोचणारी दाढ घासून घेऊ” असे म्हणून न्या. तेही खोटे नाही, आणि खुर्चीत बसल्यावर जीभ डॉक्टर पाहतीलच. मिश्रीचा डबा बंद होणे अवघड आहे हे मी जाणतो. निदान जखम भरेपर्यंत तरी तो बाजूला ठेवावा, अशी माझी त्यांना हात जोडून विनंती आहे.

प्रश्न : आमच्या कबड्डी संघातल्या मुलांनी दातांचे संरक्षक कोणते वापरावे? दुकानातले चालते का? (एक प्रशिक्षक, कोल्हापूर)

उत्तर : काहीच न वापरण्यापेक्षा दुकानातले, गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचे संरक्षक चांगले. दंतवैद्याने दातांचे माप घेऊन केलेले त्याहून चांगले, कारण ते तोंडात घट्ट बसते आणि दम धरून “कबड्डी, कबड्डी” म्हणताना चढाई करणाऱ्याला ते दातांत दाबून धरावे लागत नाही. बारा-तेरा वर्षांखालील मुलांचे दात बदलत असतात, त्यामुळे त्यांचे माप दर हंगामाला पुन्हा घ्यावे. दातांना तार असलेल्या मुलांनी आपल्या डॉक्टरांकडूनच करून घ्यावे. वापरल्यावर गार पाण्याने धुऊन हवा जाईल अशा डबीत ठेवावे. उन्हात किंवा गाडीच्या टपावर ठेवले तर त्याचा आकार बिघडतो. सामन्याच्या दिवशी प्रथमोपचाराच्या पेटीत सलाईनची एक लहान बाटली, झाकणाची स्वच्छ डबी आणि जवळच्या, त्या वेळी उघड्या असणाऱ्या दंतवैद्याचा फोन नंबर ठेवा, आणि दूध कुठे मिळते ते नाणेफेकीच्या आधी विचारून ठेवा.